जिवंत मुद्देमाल

वडगावच्या न्यायालयाच्या आवाराबाहेर, करंजाच्या झाडाखाली, माझे टेबल आहे. मी अर्ज लिहितो. नववीनंतर शाळेने आणि मी परस्परांच्या संमतीने एकमेकांचा त्याग केला; परंतु कायद्याची भाषा मी याच टेबलावर बसून शिकलो, आणि 'सबब विनंती की' या शब्दांनंतर काय लिहावे हे माझ्याइतके नेमके जाणणारी माणसे या तालुक्यात फार थोडी आहेत, असे मी नम्रपणे नमूद करतो. नवे वकील माझा मसुदा पाहण्यास येतात. ते तसे सांगत नाहीत. पेन मागण्याच्या निमित्ताने येतात.

समोर येणाऱ्या प्रत्येकाला मी प्रथम एक गोष्ट समजावतो. कायदा माणसाकडे पाहण्याआधी त्याचे कृत्य खणात ठेवतो. दखलपात्र की अदखलपात्र. जामीन हक्काने मिळणारा की न्यायालयाच्या विवेकाने. आपसात मिटवता येणारा की न येणारा. पोलीस तुमच्या दारी येतील की तुमच्या हातात एक चिठ्ठी देऊन तुम्हाला घरी पाठवतील, हे त्या खणावर ठरते. शिक्षेचेही तसेच: दंड, साधी कैद, सक्तमजुरी, आणि आता नव्या संहितेत आलेली समाजसेवा. गावाकडची माणसे हे सारे शांतपणे ऐकून घेतात, मान हलवतात आणि म्हणतात, "त्ये खरं साहेब, पन त्यानं माजी आय काढली त्याचं काय?"

संध्याकाळच्या लोकलने मी लोणावळ्यास परत जातो. बाजारामागे माझी एक खोली आहे. माझी पत्नी पुष्कळ वर्षांपूर्वी सोमाटण्याला भावाकडे गेली ती तेथेच राहिली. भांडण म्हणावे असे काही झाले नव्हते. तिने अर्ज केला नाही, मीही केला नाही. अशा प्रकरणात कोणत्या कलमाखाली, कोणत्या न्यायालयात, काय मागावे हे मी इतरांना रोज लिहून देतो. खोलीत शिरल्यावर मी दिवा लावतो, रेडिओ लावतो आणि जेवण गरम करतो. जेवताना कधी कधी दिवसभराचा मजकूर मोठ्याने म्हणून पाहतो. वाक्य कानाला बरे लागते का, हे ऐकायला दुसरे कोणी नाही.

भाजे गावचे आबा माझ्याकडे आले ते भाद्रपदात. मळवली स्टेशनपासून लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुट्टीपुरते येणाऱ्या लोकांचे बंगले आहेत. त्यांतील एका बंगल्याची देखभाल आबांनी उमेदीची सारी वर्षे केली होती. जुन्या मालकाने तो विकला. नव्या मालकाने कुंपण उंच केले, कॅमेरे बसवले, कंपनीचा पहारेकरी नेमला आणि आबांना सांगितले की आता तुम्ही आराम करा. आबांचा मुलगा चाकणला कारखान्यात होता, तिकडेच त्याचा संसार होता. आबांची पत्नी हयात नव्हती. आबा घरी गेले; मात्र बंगल्यावरचे कुत्रे मागे राहिले.

ते कुत्रे मुळात कोणाचेच नव्हते. एका पावसाळ्यात पिलू फाटकाखालून आत आले आणि राहिले. जुन्या मालकाच्या मुलांनी त्याला पट्टा आणला, बिस्किटे घातली. बाकीचे दिवस त्याला आबांनी भाकरी घातली. बंगला विकताना बागेतला झोपाळा, दोन मोठे रांजण आणि कुत्रे असे सारे 'जसे आहे तसे' दिले गेले. नव्या पहारेकऱ्याने ते साखळीने वऱ्हांड्याबाहेर बांधले. वर छप्पर नव्हते. आबा रोज रस्त्यावरून पाहत. एके दिवशी भर दुपारी ते बाजूच्या दिंडी दरवाजातून आत गेले, साखळी सोडली आणि कुत्र्याला घेऊन रस्त्याने चालत घरी आले. मालकाने शहरात बसून हे सारे आपल्या फोनवर पाहिले.

"आन आता ठान्यात बोलावलंय," आबा म्हणाले. "कुत्रं बी घिऊन या म्हनं."

"आबा, त्याला काय नावाने हाक मारता?"

"गड्या म्हनतो. नाव कशाला ठिवायचं, आमी दोगंच तर असतो."

मी त्यांना खण समजावले. चोरी हा सामान्यतः दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत असेल तर तोच गुन्हा अदखलपात्र होतो, जामीनही हक्काचा. आणि पहिलाच अपराध असून वस्तू परत केली, तर शिक्षा केवळ समाजसेवेची. "म्हणजे आबा," मी म्हणालो, "सारे किमतीवर आहे. गावठी कुत्रे. त्याची किंमत काहीच नाही. एवढे सांगा आणि गप्प राहा."

आबांनी मान हलवली. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी आले, ज्याची मी त्या वेळी नोंद घेतली नाही.

मी सहसा कोणाबरोबर ठाण्यात जात नाही. माझे काम मजकुराचे. तथापि तो माझ्या सुट्टीचा दिवस होता, आणि माझ्या मांडणीची कोणी मोडतोड करू नये असेही मला वाटले. खोलीतला सुट्टीचा दिवस फार लांब असतो, हेही एक कारण होते.

ठाण्याच्या अंगणात आबांनी कुत्रे खांबाला बांधले. तांबूस रंगाचे, एक कान मोडलेले. आम्ही आत गेल्याबरोबर ते उठून उभे राहिले आणि सारा वेळ उघड्या दारातून आमच्याकडे पाहत राहिले. फिर्याद देण्यास मालक आला नव्हता. त्याचा व्यवस्थापक आला होता, पांढऱ्या बुटांचा एक तरुण गृहस्थ.

ठाणे अंमलदाराने त्याला विचारले, "किंमत काय लिहू?"

"मला कल्पना नाही. बंगल्याबरोबर आलं ते."

"बंगल्याबरोबर काय येतं, नळ येतात," अंमलदार म्हणाला आणि आबांकडे वळला. "आबा, तुम्ही वाढवलंय ना? काय असेल किंमत? बाजारात कोणी देईल का याचे शंभर रुपये?"

मी आबांकडे पाहिले. आबांनी दाराकडे पाहिले.

"पंचवीस हजार," आबा म्हणाले.

अंमलदाराने पेन खाली ठेवले. "कशाचे?"

"पंचवीस हजाराला सुदिक मी दिलं नसतं. लय किमतीचं जनावर हाय त्ये."

"आबा," मी मध्ये पडलो, "यांना म्हणायचे आहे की प्रेमापोटी—"

"तुमी गप ऱ्हावा भाऊ. इचारलंय मला."

व्यवस्थापकाचा चेहरा उजळला. "बरोबर आहे. साहेबही म्हणत होते, चांगल्या जातीचं असावं."

"जातीचं?" अंमलदाराने बाहेर वाकून पाहिले. "त्या कानावरून तर वाटत नाही." पण फिर्यादी ती किंमत मान्य करीत होता आणि आरोपी स्वतः ती सांगत होता. त्याने एक निःश्वास टाकला आणि लिहिले. एका वाक्याने आबा एका खणातून दुसऱ्या खणात गेले. वय पाहून त्यांना अटक केली नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीस दिली. कुत्र्याची नोंद मुद्देमाल म्हणून झाली, आणि जिवंत मुद्देमाल ठाण्यात ठेवता येत नाही म्हणून तो सुपूर्दनाम्यावर व्यवस्थापकाच्या ताब्यात गेला. गाडीत बसताना कुत्र्याने पाय रोवले. दोघांना ते उचलून ठेवावे लागले.

बाहेर आल्यावर मी आबांना कठोर शब्दांत विचारले की मी काय सांगितले होते आणि तुम्ही काय केलेत.

"त्ये बगत व्हतं की," आबा म्हणाले.

"कोण?"

"गड्या. जनावराच्या देकत त्याची किंमत कमी सांगू न्हाई. आमच्यात बैल इकायला काडला तरी दलालासंग हातावर रुमाल टाकून बोलत्यात. का? बैलाला ऐकू जाऊ न्हाई म्हनून. आपली किंमत कमी झाली आसं कळलं की जनावर खात न्हाई. मनाला लावून घेतं."

"आबा, रुमाल दुसऱ्या दलालांना भाव कळू नये म्हणून असतो."

"तुमाला आसं वाटतं," ते शांतपणे म्हणाले. "तुमी बैल ठिवलाय कंदी?"

मी बैल ठेवलेला नव्हता. आम्ही मळवलीपर्यंत चालत गेलो. फलाटावर ते एवढेच म्हणाले की, साखळीला छप्पर न्हाई हो भाऊ.

त्यानंतर मी माझ्या परीने सर्व मार्ग चाळले. चोरीचे प्रकरण मालक तयार असेल तर आपसात मिटवता येते. मी व्यवस्थापकास फोन केला. तो सौजन्याने म्हणाला की साहेबांना एवढ्यासाठी वडगावला येणे जमणार नाही. मी म्हणालो, एका कुत्र्यासाठी वृद्ध माणसास कैद होऊ शकते. तो म्हणाला, प्रश्न कुत्र्याचा नाही, तत्त्वाचा आहे. तत्त्वाशी तडजोड कशी करावी याचा नमुना माझ्याकडे नव्हता.

आबा मधूनमधून टेबलाशी येऊन बसत. काम नसे. दिवाळी होऊन गेली, भातं कापून झाली, मळवलीकडच्या शेतांत नुसती खुंटं उरली. ते विचारत, "काय कळलं?" मी म्हणे, "प्रक्रिया सुरू आहे." मग ते सांगत की आज बंगल्यावरून जाताना गड्या भुंकला, किंवा भुंकला नाही. फाटकाच्या आत पाऊल टाकू नका अशी सक्त ताकीद मी दिली होती, आणि ते रस्त्याच्या पलीकडूनच पाहत. एकदा त्यांनी विचारले, रस्त्यावरून नुसती हाक मारली तर चालतंय का. मी थोडा विचार करून सांगितले की हाक मारण्यास कलम नाही, परंतु मारू नये. त्यांनी मारली नाही.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हते. आबांनी विचारले, "जेलात सगळ्यात वाईट शिक्षा कुटली वो? फाशी सोडून."

"सक्तमजुरीत न्यायालय काही काळ एकांतवासाचीही शिक्षा देऊ शकते," मी म्हणालो. "एकट्याला कोठडीत ठेवतात. कोणी दिसत नाही, कोणाशी बोलणे नाही. पण तिला मर्यादा घातली आहे. एका वेळी चौदा दिवसांहून अधिक नाही. मग मध्ये तेवढीच सुटका द्यावी लागते. सलग दिली तर माणसाच्या मनाचा तोल जातो, म्हणून."

आबांनी करंजाच्या सावलीकडे पाहिले. "मंजी मदी सुट्टी असती म्हना."

"असते."

"सरकार एवढा इचार करतं," ते म्हणाले, आणि चहाचा उरलेला घोट संपवला.

त्या संध्याकाळी खोलीत मी रेडिओ लावला नाही. कायदा करणाऱ्यांनी कैद्याचे हित पाहून एकटेपणाचे माप ठरवले. ते माप कैद्यापुरतेच आहे, बाहेरच्यांस ते लागू असल्याचे कोठेही नमूद नाही. मी शेजारच्या भिंतीपलीकडचा दूरदर्शन संच ऐकत पडून राहिलो. कोणी तरी हसत होते.

तपासात एक गोष्ट आमच्या बाजूने घडली. पोलिसांनी किमतीसाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घेतला. त्यात लिहिले होते: देशी, वयस्क, एका कानास जुनी इजा, बाजारमूल्य नगण्य. तो दाखला पाहून मला अतिशय समाधान झाले. 'नगण्य' हा शब्द नेमका होता. मीही तोच वापरला असता. विधी सेवेकडून आबांना एक तरुण वकीलबाई मिळाल्या होत्या. त्यांनी सांगितले की आबांनी गुन्हा कबूल करावा आणि न्यायाधीशांनी विचारल्यास दाखल्यातली किंमत मान्य करावी. वस्तू परत आहेच, पहिलाच अपराध आहे; मग समाजसेवा. पण पुन्हा पंचवीस हजार म्हणाले, तर त्या काही करू शकणार नाहीत.

"आबा, कळले ना?" मी दहा वेळा विचारले.

"कळलं की. भैरा न्हाई मी."

सुनावणीच्या दिवशी मी टेबल तसेच टाकून मागच्या बाकावर जाऊन बसलो. आबांनी धुतलेले धोतर नेसले होते. न्यायाधीशांनी आरोप वाचून विचारले, कबूल आहे का. आबा म्हणाले, "नेला मी. इचारलं न्हाई कुनाला. कबूल." मग न्यायाधीशांनी दाखला हातात घेतला.

"फिर्यादीत किंमत पंचवीस हजार आहे आणि ती तुम्हीच सांगितली होती. दाखल्यात बाजारमूल्य नगण्य म्हटले आहे. हे तुम्हाला मान्य आहे का?"

वकीलबाईंनी हळूच म्हटले, "आबा." आबांनी दाराकडे पाहिले, मग खिडकीकडे, मग पुन्हा न्यायाधीशांकडे.

"त्यो हितं आनलाय का साहेब?"

"कोण?"

"कुत्रं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "नाही. ते बंगल्यावर आहे. का?"

"मंग मान्य," आबा म्हणाले. आवाज इतका खाली होता की लेखनिकाने पुन्हा विचारले. "म्हनलं, मान्य."

त्यांना न्यायालयाच्या आवाराची झाडलोट करण्याची समाजसेवा झाली. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहून स्मित केले. आबा खाली मान घालून बाहेर आले. जणू जन्मठेप झाली होती.

ते दिवस माझे चांगले गेले, हे मी लिहून ठेवतो. सकाळी मी टेबल मांडीत असे तेव्हा आबा आधीच खराट्याने करंजाचा पाला गोळा करीत असत. आवार संपले की रस्त्याची बाजूही झाडीत. ती शिक्षेत नव्हती. मी म्हणत असे, आबा, हुकुमाबाहेर काम करू नका. ते म्हणत, "पाल्याला काय ठावं हुकूम कुटवर हाय त्ये." दुपारी आम्ही डबा एकत्र खात असू. त्यांनी मला ठेचा आणला, मी त्यांना कलमे सांगितली. त्यांना कलमांत रस नव्हता, तरी ते ऐकत. माझे एक लांब वाक्य मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "लय भारी. पन मानूस दम कुटं घेनार?" मी ते वाक्य मध्ये तोडले.

शिक्षा संपली त्या दिवशी आबांनी खराटा कोपऱ्यात नीट उभा केला आणि माझ्या टेबलावरची धूळ पंच्याने पुसली. "येतो भाऊ," म्हणाले. दुसऱ्या सकाळी पाला तसाच पडला होता. दुपारपर्यंत तो माझ्या पायांपर्यंत आला.

त्यानंतर काही काळ गेला. थंडी कडाक्याची होती. घाटावरून धुके खाली उतरे आणि उशिरापर्यंत हटत नसे. एका सकाळी आबांचा फोन आला. ते सहसा फोन करीत नसत.

"भाऊ, त्यो आलाय."

"कोण आले आहे?"

"गड्या. सकाळी दार उगाडलं तर पायरीवर. गळ्यात तुटकी साखळी. मी गेलतो न्हाई हां. मी आनला न्हाई. आता ह्यो कुटला गुन्हा?"

मी टेबलावरून उठलो आणि पहिल्या लोकलने मळवलीला गेलो. दुसऱ्याची वस्तू आपणहून आपल्याकडे आली आणि आपण ती ठेवून घेतली, तर तोही अपराध आहे. त्याचे कलम वेगळे. शिवाय आबा आता पहिल्या वेळचे अपराधी राहिले नव्हते. दुसऱ्या वेळी चोरी सिद्ध झाली तर समाजसेवा नाही, कैद. वाटेत मी हे सारे मनात मांडत गेलो. भाज्यात आबांच्या दारात कुत्रे झोपले होते. त्याच्या फासळ्या दिसत होत्या. मी जवळ जाताच त्याने एक डोळा उघडून माझी पात्रता पाहिली आणि मिटला.

"खाल्लं का त्याने?"

"दोन भाकरी." आबांनी आवाज एकदम खाली आणला. "कोर्टातलं त्याला कळलं नसंल न्हवं?"

"नाही कळले," मी म्हणालो.

तेथूनच मी व्यवस्थापकास फोन लावला आणि रीतसर माहिती दिली की आपले कुत्रे साखळी तोडून स्वतः येथे आले आहे, कोणी आणलेले नाही, तरी घेऊन जावे. तो म्हणाला की साहेब परदेशी गेले आहेत, बंगला बहुधा पुन्हा विकणार आहेत, आणि खरे तर कुत्र्याची आता कोणाला आठवणही नाही. "राहू द्या तिकडेच."

"तसे दोन ओळींत लिहून द्याल का?"

"लिहून वगैरे काही नको, काका. नसत्या भानगडी." आणि त्याने फोन ठेवला.

आबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आहे की जे लिहिले नाही ते झाले नाही. येथे मात्र काही लिहिलेले नव्हते आणि कुत्रे पायरीवर होते. मी विचार करून त्यांना पुढीलप्रमाणे सांगितले: त्याला बांधू नका. पट्ट्याला हात लावू नका. दार लावून त्याला आत कोंडू नका. त्याला जायचे असेल तर कोणत्याही क्षणी जाता आले पाहिजे. मग कोणी म्हणणार नाही की तुम्ही ठेवून घेतले.

"दार उगडंच ठिवू?"

"उघडेच."

"थंडी हाय लय."

"ते तुमच्यावर आहे, आबा."

"त्यात काय," आबा म्हणाले. "दोन वाकळा हाईत."

संध्याकाळी परतताना मी गल्लीच्या वळणावरून मागे पाहिले. आबा उंबऱ्याच्या आत वाकळ घेऊन बसले होते. कुत्रे पायरीवरून उठले, उंबरा ओलांडून आत गेले, गोल फिरले आणि त्यांच्या पायांशी पडले. दार सताड उघडे होते.

लोणावळ्यास आल्यावर मी खोलीचे कुलूप काढले, दिवा लावला. नेहमीप्रमाणे दार लावण्यास हात गेला आणि तसाच राहिला. मी खुर्ची ओढली आणि उघड्या दारासमोर बसलो. धुके जिन्यापर्यंत आले होते. समोरच्या घरातली बाई कपडे काढून घेत होती, तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "कोणी यायचंय का?"

"नाही," मी म्हणालो.

आणखी थोडा वेळ बसून मी दार लावले. जेवण गरम करण्यास ठेवले आणि एक कोरा कागद घेतला. वर सोमाटण्याचा पत्ता लिहिला. 'सबब विनंती की' या शब्दांनंतर काय लिहावे हे मला त्या रात्री सुचले नाही. तेव्हा ते शब्द मी खोडले आणि पुन्हा वरून सुरुवात केली.